शिष्यवृत्ती देताना निर्वाहाचा आधार काढून घेऊ नका : दोन विभागांच्या सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग,
मा. सचिव, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांचे निर्वाह अनुदान, त्यासाठीची उत्पन्नमर्यादा आणि शिष्यवृत्ती यांचा मेळ घालण्याबाबत.

माननीय महोदय,

मी जन्मापासून अंध आहे. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून शहरात येऊन समाजकार्य या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकते आहे. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मला दरमहा मिळणारे अनुदान या वर्षी बंद झाले. ते का बंद झाले, हे कोणी लेखी कळवले नाही. तहसील कार्यालयात चौकशी केल्यावर तोंडी एवढेच सांगण्यात आले की, नव्या दाखल्यावर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६४,००० रुपये आहे आणि दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,००० रुपयांची आहे. हाच दाखला जोडून मी केंद्र शासनाच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता, आणि तिथे पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये असल्यामुळे मी पात्र ठरले आहे. म्हणजे एकाच कुटुंबाच्या एकाच दाखल्यावर शासनाची एक योजना मला शिकण्यासाठी मदतीस पात्र मानते, आणि दुसरी योजना त्याच वेळी माझे जगण्याचे पैसे थांबवते.

नियमाप्रमाणे पाहिले तर संबंधित कर्मचाऱ्याने काही चुकीचे केले असे मी म्हणत नाही. माझी तक्रार नियमाविषयी आहे, म्हणून ती तहसीलदारांकडे न नेता आपल्याकडे आणि आपल्याबरोबर वाचकांपुढे मांडते आहे. माझ्या ओळखीतील कितीतरी दिव्यांग मुले-मुली पदवीनंतर घरी बसली आहेत. त्यांच्या बुद्धीत किंवा जिद्दीत काही कमी नव्हते. पुढे शिकायला गेलो तर हातात असलेलेही जाईल, ही भीती त्यांच्या घरच्यांना होती, आणि माझा अनुभव पाहता ती भीती निराधार होती असे मला म्हणता येत नाही.

५०,००० रुपये वार्षिक उत्पन्न म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये, आणि ते संपूर्ण कुटुंबाचे. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातल्या एका माणसाने शासनाच्याच या दराने वर्षात १६१ दिवस काम केले, तरी कुटुंब ही मर्यादा ओलांडते. माझी आई सोयाबीनच्या आणि तुरीच्या हंगामात दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाते. वडिलांना दम्याने काम होत नाही. धाकटा भाऊ गेल्या वर्षी शिक्षण सोडून तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये कामाला लागला आणि त्याच्या पगारामुळे दाखल्यावरचा आकडा ६४,००० झाला. त्याच्या त्या पगारातून माझ्या खोलीचे भाडे निघत नाही, आईचा किराणाही जेमतेम निघतो. पण कागदावर मात्र आमचे कुटुंब आता आधाराची गरज नसलेले कुटुंब झाले आहे.

या मर्यादेचा दुसरा परिणाम अधिक कठोर आहे आणि तो मंत्रालयात कोणी हिशेब मांडून पाहिला आहे की नाही, याची मला शंका वाटते. २०२५मध्ये शासनाने दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान दरमहा १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये केले. या वाढीबद्दल मी मनापासून आभार मानते, कारण ती खरोखरच हवी होती. परंतु आता वर्षाचे ३०,००० रुपये एकाच रेषेवर टांगलेले आहेत. ज्या घराचे उत्पन्न ४९,९०० रुपये आहे, त्या घरात अनुदान धरून ७९,९०० रुपये येतात, आणि ज्या घराचे उत्पन्न ५१,००० रुपये आहे, त्या घरात ५१,०००च राहतात. अकराशे रुपये जास्त कमावल्याची किंमत तीस हजार रुपये. अशा नियमाखाली राहणाऱ्या कुटुंबातल्या कर्त्या मुलाने पगारवाढ मागावी की मागू नये, याचे उत्तर मी माझ्या भावाला काय द्यायचे?

मला एका कर्मचाऱ्याने सहानुभूतीनेच सुचवले की, तलाठ्यांकडून आकडा थोडा कमी करून आणा, सगळे तसेच करतात. मी तसे केले नाही आणि करणार नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला आठवड्यातून ठरावीक दिवस क्षेत्रकार्यासाठी वस्त्यांमध्ये जावे लागते. तिथे मी ज्या विधवा बायकांचे, ज्या अपंग माणसांचे याच निराधार योजनेचे अर्ज भरायला मदत करते, त्यांना कागदपत्रे खरी जोडा असे सांगते. आणि माझ्या स्वतःच्या अर्जाला खोटा दाखला लावायचा? मर्यादाच अशी ठेवायची की, खरे बोलणाऱ्याचे अनुदान जाते आणि खोटे बोलणाऱ्याचे टिकते, यात दोष केवळ खोटे बोलणाऱ्याचा नाही.

मर्यादा वाढवली तर तिजोरीवर भार पडेल, हे उत्तर मला ठाऊक आहे. म्हणून आपल्याच शासनाची दुसरी एक योजना पुढे ठेवते. २०२४मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये दिले जातात आणि तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्या योजनेला माझा विरोध नाही. माझ्या आईसारख्या असंख्य बायकांना त्या पैशांचा आधार झाला आहे. प्रश्न इतकाच आहे की, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील स्त्रीला मदतीची गरज आहे हे जर शासनाला मान्य आहे, तर त्याच घरातील अंध व्यक्तीची गरज ५०,०००वर कशी संपते? दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम २४ असे सांगते की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांमध्ये दिव्यांग व्यक्तींना दिली जाणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असली पाहिजे. रकमेच्या बाबतीत शासनाने आता ही अट पाळली आहे. पण आत येण्याचे दारच पाचपट बुटके ठेवले, तर आतील ताट मोठे असून काय उपयोग?

आता शिक्षणाच्या बाजूकडे येते, कारण माझा मुख्य मुद्दा तिथेच आहे.

दिव्यांग विद्यार्थ्याचा खर्च आणि इतर विद्यार्थ्याचा खर्च यांत फरक असतो, हे सगळे मान्य करतात, पण तो फरक नेमका कशाचा, हे फारसे कोणी विचारत नाही. माझ्या अभ्यासक्रमातील बहुतेक मराठी संदर्भग्रंथ मला स्कॅन केलेल्या पीडीएफच्या स्वरूपात मिळतात. स्क्रीन रीडर हे संगणकावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर अशा फाइलवर गेले की, त्याला फक्त चित्र दिसते आणि ते गप्प बसते. जुन्या अहवालांचा आणि शासकीय परिपत्रकांचा मजकूर युनिकोड ही संगणकावर अक्षरे लिहिण्याची प्रमाणित पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये असतो, तो वाचताना तेच सॉफ्टवेअर असंबद्ध अक्षरांची बडबड करते. आदल्या रात्री कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय दुसऱ्या दिवशीच्या चर्चासत्राला बसता येत नाही. वाचून दाखवणारी मुलगी स्वतः गरीब घरातली आहे, दिवसभर वर्ग करून संध्याकाळी माझ्याकडे येते, आणि तिच्या वेळेचे पैसे देणे हे मी माझे कर्तव्य समजते. महिन्याला ते दीड हजारांच्या आसपास जातात. परीक्षेला लेखनिक नेण्याची आणि तासाला वीस मिनिटे जादा वेळेची तरतूद नियमात आहे, पण लेखनिक शोधणे, त्याला परगावाहून बोलावणे, त्याचा प्रवास आणि जेवण हे सारे व्यवहारात विद्यार्थ्याच्याच अंगावर पडते. क्षेत्रकार्याची वस्ती बसच्या मार्गावर नसेल तर रिक्षा करावी लागते. एसटीत मिळणाऱ्या ७५ टक्के सवलतीचा मला गावी जाताना फार उपयोग होतो, पण अनोळखी वस्तीतल्या उघड्या गटारांमधून वाट काढताना ती सवलत कामाला येत नाही.

या खर्चाला कोणी उत्पन्न म्हणणार नाही. मग हा खर्च भागवण्यासाठी दिलेल्या पैशाला उत्पन्न का म्हणावे? आणि इथे माझे सर्वांत गंभीर गाऱ्हाणे येते. महाविद्यालयातील कमवा व शिका योजनेत ग्रंथालयाच्या दूरध्वनीवर बसण्याचे काम मला मिळत होते. ते घेण्याआधी मी तहसील कार्यालयात विचारले की, या कामाचे मानधन आणि शिष्यवृत्तीचे पैसे कुटुंबाच्या उत्पन्नात धरले जातील का. एका टेबलावर सांगितले की धरले जातील, दुसऱ्या टेबलावर सांगितले की तलाठी काय लिहितो त्यावर अवलंबून आहे. याबाबतचा शासन निर्णय दाखवा म्हटल्यावर कोणीही तो दाखवला नाही. अनुदान जाईल या धास्तीने मी ते काम नाकारले, आणि पुढे अनुदानही गेले. एखाद्या दिव्यांग मुलीने स्वतःच्या कष्टाने चार पैसे मिळवण्याची संधी केवळ नियम स्पष्ट नाही म्हणून सोडून द्यावी, यासारखे नुकसान दुसरे नाही, कारण त्यात पैशांबरोबर कामाचा अनुभवही जातो आणि पुढे मुलाखतीत कामाचा अनुभव काय, असा प्रश्न मलाच विचारला जाणार आहे.

शिष्यवृत्तीविषयी बोलायचे तर तिची रक्कम आणि तिची वेळ या दोन्हींनी ती निर्वाहाची जागा घेऊ शकत नाही. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजनेत सर्वांत वरच्या गटातील अभ्यासक्रमालाही वसतिगृहात राहणाऱ्यास महिन्याला १,६०० रुपये आणि बाहेर राहणाऱ्यास ७५० रुपये निर्वाह भत्ता आहे. अंध विद्यार्थ्याला अपंगत्वासाठीचा भत्ता वर्षाला ४,००० रुपये, पुस्तकांसाठी वर्षाला १,५०० रुपये. शुल्काची प्रतिपूर्ती मिळते, हा तिचा मोठा आधार आहे आणि तो मी कमी लेखत नाही. परंतु मी खोलीत तिघींबरोबर राहते. माझ्या वाट्याचे भाडे, मेस, वाचक आणि रिक्षा मिळून महिन्याला साधारण साडेआठ हजार रुपये लागतात. निराधारचे २,५०० रुपये त्यात होते तेव्हा उरलेल्या रकमेची जुळवाजुळव मामा आणि दोन शिक्षिका यांच्या मदतीने होत असे. आता ते गेल्यावर शिष्यवृत्तीच्या ७५० रुपयांनी मी ती जागा भरावी, असे शासनाला वाटते का?

शिवाय ते पैसे वर्षाच्या सुरुवातीला येतच नाहीत. अर्ज पोर्टलवर भरायचा, संस्थेने तो तपासून पुढे पाठवायचा, राज्याने तपासायचा, कुठेतरी त्रुटी निघाली की तो माघारी यायचा, आणि या सगळ्यातून पार पडलेली रक्कम बँकेत जमा होईपर्यंत वर्षाची परीक्षा जवळ आलेली असते. महाविद्यालयाला मात्र प्रवेशाच्या दिवशीच पैसे हवे असतात. शिष्यवृत्ती न आल्यास संपूर्ण शुल्क भरीन, असे हमीपत्र माझ्याकडून लिहून घेण्यात आले आणि परीक्षेचा अर्ज भरताना त्याची आठवण करून देण्यात आली. आईने त्यासाठी बचत गटातून कर्ज काढले आहे आणि त्याचा हप्ता ती मजुरीतून फेडते आहे. उत्पन्नाच्या दाखल्यात या कर्जाला जागा नाही.

ज्यांना दोन प्रकारची अडचण आहे, त्यांची अवस्था याहून बिकट आहे. केंद्राच्या या योजनेचा लाभ घेणाऱ्याला त्या अभ्यासक्रमासाठी दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. माझी एक मैत्रीण दलित आहे आणि पोलिओमुळे तिला कुबड्या घेऊन चालावे लागते. तिला जातीच्या आधारावरील शिष्यवृत्ती घ्यायची की अपंगत्वाच्या आधारावरील, यातून एक निवडावे लागले. तिने पहिली निवडली, कारण ती वेळेवर येते असे तिने ऐकले होते. मग पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरच्या दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा? अपंगत्वाचा भत्ता हा मुळात वेगळ्या खर्चासाठी आहे. तो इतर कोणत्याही शिष्यवृत्तीच्या जोडीने मिळायला काय हरकत आहे, याचे पटणारे कारण मला कुणी सांगितलेले नाही.

पदव्युत्तर टप्प्याविषयी एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. शाळेच्या वयातील दिव्यांग मुलांसाठी सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यात आहे. पीएच.डी. करणाऱ्या दिव्यांग संशोधकांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) आहे, तिचा दर चांगला आहे, जरी तिच्या जागा सबंध देशात वर्षाला २००च आहेत. या दोन टोकांच्या मधली एम.ए.ची, एम.एस्सी.ची, एम.एस.डब्ल्यू.ची दोन वर्षे मात्र कोणाच्याच खास लक्षात येत नाहीत. वास्तविक दिव्यांग व्यक्तीला या दोन वर्षांची गरज इतरांपेक्षा अधिक असते. डोळस पदवीधराला दुकानात, गोदामात, घरपोच सेवेत काहीतरी काम मिळते. माझ्यासारखीला समुपदेशक, प्राध्यापक, बँक अधिकारी, शासकीय सेवक अशा, शिक्षणावर उभ्या असलेल्या थोड्याच वाटा मोकळ्या आहेत. उच्च शिक्षण संस्थांत पाच टक्के जागा आणि वयाच्या अटीत पाच वर्षांची सवलत २०१६च्या अधिनियमाच्या कलम ३२ने दिली आहे. डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आरक्षणाची अंमलबजावणी करण्याचे निर्देशही दिले. जागा मिळाली, आता त्या जागेवर दोन वर्षे टिकून राहण्याची सोय हवी आहे.

अशी सोय कशी असावी याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत थेट खात्यात मिळतात, आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. ही योजना शतकांच्या अन्यायाचे थोडे परिमार्जन आहे आणि तिच्यातून एक रुपयाही कमी होऊ नये. त्याच धर्तीवर अपंगत्व हा आधार धरून स्वतंत्र तरतूद करावी, एवढेच माझे म्हणणे आहे, म्हणजे कोणत्याही जातीच्या दिव्यांग विद्यार्थ्याला ती घेता येईल.

परदेशाचा दाखला द्यायचा म्हणून देत नाही, पण ब्रिटनमध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा भत्ता पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही मिळतो आणि तो कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरत नाही. अपंगत्वामुळे वाढणाऱ्या खर्चासाठी तिथे दिली जाणारी मासिक रक्कमही उत्पन्न पाहून दिली जात नाही. तिथेही गरिबांसाठीच्या निर्वाह मदतीत पदव्युत्तर कर्जाचा काही भाग उत्पन्न म्हणून धरला जातो आणि त्यावर दिव्यांग विद्यार्थ्यांची तक्रार आहे. तरीही काय धरायचे आणि काय नाही, हे तिथे नियमात लिहिलेले असते. टेबल बदलले म्हणून उत्तर बदलत नाही.

अर्जाच्या पद्धतीविषयी थोडक्यात लिहिते. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरील नोंदणीसाठी मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवावी लागते. चेहरा वर्तुळात नीट आला आहे की नाही हे सांगणारी खूण पडद्यावर दिसते, ऐकू येत नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल ओळख-पडताळणी दिव्यांगांसाठी सुगम करण्याचे सविस्तर निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरीसुद्धा मला माझ्या आधार क्रमांकासह मोबाइल अनोळखी माणसाच्या हातात देऊन नोंदणी करावी लागली. अनुदानासाठी लागणाऱ्या दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्यासाठी मूळ तालुक्यात जायचे, त्यासाठी क्षेत्रकार्याचा दिवस बुडवायचा, आणि उपस्थिती कमी भरली की शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघायची, हेही मला टाळता आलेले नाही.

डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला, तेव्हा वसतिगृहातल्या आम्हा मुलींना खरोखर आनंद झाला होता. आता आपले सगळे प्रश्न एका छताखाली येतील, असे वाटले होते. प्रत्यक्षात माझे निर्वाह अनुदान सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून येत होते, त्याची पात्रता महसूल खाते ठरवते, शिक्षण उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहे आणि शिष्यवृत्तीचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर आहे. यांपैकी प्रत्येक कार्यालय आपल्यापुरते बरोबर असते आणि विद्यार्थी मात्र मध्येच अडकतो. हे पत्र दोन विभागांना एकत्र लिहिले आहे ते याच कारणाने. एकाने ते दुसऱ्याकडे पाठवून नस्ती बंद करू नये.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी उत्पन्नमर्यादा ५०,००० रुपयांवरून अडीच लाख रुपये करावी, म्हणजे ती शिष्यवृत्तीच्या आणि लाडकी बहीण योजनेच्या मर्यादेशी जुळेल. मर्यादा ओलांडताच संपूर्ण अनुदान बंद करण्याऐवजी ते टप्प्याटप्प्याने कमी करावे. हे एकदम शक्य नसेल, तर निदान उच्च शिक्षण घेणाऱ्या दिव्यांगांसाठी ही सुधारणा आधी लागू करावी, आणि प्रवेश घेताना जो विद्यार्थी पात्र आहे तो अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत पात्रच राहील, असा आदेश काढावा. अठरा वर्षांवरील दिव्यांग विद्यार्थ्याच्या बाबतीत भावंडांचे उत्पन्न मोजू नये. भावाने शिक्षण सोडून मिळवलेल्या पगारावर बहिणीचे अनुदान थांबवणे हे दोघांनाही शिक्षा करण्यासारखे आहे.

शिष्यवृत्ती, शुल्क प्रतिपूर्ती, कमवा व शिका योजनेचे मानधन, क्षेत्रकार्याचा भत्ता आणि वाचक किंवा लेखनिक यांच्यासाठी मिळणारी कोणतीही रक्कम कुटुंबाच्या उत्पन्नात धरली जाणार नाही, असा शासन निर्णय मराठीत, युनिकोडमध्ये, प्रत्येक तहसील कार्यालयाला आणि महाविद्यालयाला पाठवावा. या एका मागणीला फारसा पैसा लागत नाही. ती मान्य झाली, तर उद्यापासून कितीतरी मुले न घाबरता काम धरू शकतील.

स्वाधार योजनेच्या धर्तीवर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र निर्वाह योजना सुरू करावी आणि तिच्यात वाचक, लेखनिक, मदतनीस, साधनांची दुरुस्ती यांसाठीचा भत्ता इतर कोणत्याही शिष्यवृत्तीच्या जोडीने मिळेल अशी तरतूद ठेवावी. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी अनेक ठिकाणी वर्षअखेरीस घाईघाईने साहित्य वाटून संपवला जातो. त्यातील काही भाग गावातून बाहेर शिकायला गेलेल्या मुलांसाठी वापरण्याची स्पष्ट मुभा द्यावी.

शिष्यवृत्ती मंजूर होण्याआधी दिव्यांग विद्यार्थ्याकडून शुल्क किंवा हमीपत्र घेऊ नये, असे उच्च व तंत्रशिक्षण विभागामार्फत महाविद्यालयांना कळवावे. हयातीचा दाखला विद्यार्थी जिथे शिकतो तिथल्या तहसील कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या सहीने स्वीकारावा. अनुदान बंद करायचे असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी, कारण सांगावे, म्हणणे मांडायला मुदत द्यावी आणि अंतिम निर्णय होईपर्यंत अनुदान चालू ठेवावे. नोटीस अंध व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात असावी.

या पत्राची प्रत मी पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही पाठवते आहे. २०१६च्या अधिनियमाप्रमाणे राज्य आयुक्तांनी शिफारस केल्यास संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही त्यांना कळवायची असते. माझे दुसरे वर्ष जूनमध्ये सुरू होईल. त्याआधी, यांपैकी कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि नसल्यास का, एवढे लेखी उत्तर दोन्ही विभागांकडून मिळावे, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
समाजकार्य पदव्युत्तर अभ्यासक्रमाची एक अंध विद्यार्थिनी